बुलबुल नेमका कोण? एका नावाचा हजार वर्षांचा प्रवास

१/
महाराष्ट्रातील बहुतेक अंगणांत एक काळ्या डोक्याचा, छोट्या तुऱ्याचा आणि शेपटीखाली लाल डाग असलेला पक्षी दिसतो. तो बुलबुल. उर्दू गझलेत गुलाबासाठी रात्रभर झुरणारा पक्षीही बुलबुलच. नाव एक, पक्षी मात्र दोन. दोघांचे कुळ, प्रदेश आणि आवाज पूर्णपणे वेगळे आहेत. ते एका नावाखाली कसे आले, या नावावरून एकोणिसाव्या शतकात वाद का झाला, आणि या कथेत मराठ्यांची घोडदळे कोठून आली, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
‘बुलबुल’ हा शब्द फारसी, अरबी आणि तुर्की या तिन्ही भाषांत आहे. कोकिळेची ‘कुहू’ किंवा कावळ्याची ‘काव’ यांप्रमाणे तो पक्ष्याच्या आवाजावरून घडलेला ध्वन्यनुकारी शब्द आहे. या भाषांत त्याने ज्या पक्ष्याचा बोध होतो, त्याला इंग्रजीत नाइटिंगेल म्हणतात. म्हणजेच इराणचा बुलबुल आणि युरोपचा नाइटिंगेल एकच. भारतातला बुलबुल मात्र तिसराच कोणी आहे.

३/
हा मूळ बुलबुल दिसायला अगदी सामान्य असतो. चिमणीहून किंचित मोठा, तपकिरी अंगाचा, तांबूस शेपटीचा. वसंतात झुडपाआड बसून तो दिवसा गातो आणि इतर पक्षी गप्प झाल्यावर रात्रीही गातो. युरोपपासून इराण व मध्य आशियापर्यंत तो वीण करतो आणि हिवाळ्यात आफ्रिकेत जातो. त्याच्या या येण्याजाण्याच्या वाटेत भारतीय उपखंडाचा मोठा भाग येतच नाही. दिल्लीच्या किंवा विजापूरच्या कवीला तो आपल्या बागेत ऐकायला मिळणे जवळजवळ अशक्य होते.

४/
फारसीने या पक्ष्याला अनेक पर्यायी नावे दिली. ‘अंदलीब’ हे अरबीतून आलेले. ‘हजारदास्तान’ म्हणजे हजार कथा किंवा हजार आलाप जाणणारा. त्याचेच संक्षिप्त रूप ‘हजार’. ‘मुर्ग-ए-सहर’ म्हणजे पहाटेचा पक्षी आणि ‘मुर्ग-ए-चमन’ म्हणजे बागेतला पक्षी. यांपैकी एकाही नावात रंगाचा किंवा आकाराचा उल्लेख नाही. नावे ठेवणाऱ्यांनी हा पक्षी पाहिला कमी आणि ऐकला अधिक, हे त्यातून कळते.

५/
आणखी एक पर्याय इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवणारा आहे : ‘झंदख्वान’, म्हणजे झंद पठण करणारा. झंद म्हणजे जरथुश्त्री धर्मग्रंथ अवेस्तावरील पहलवी भाष्य. सातव्या शतकात सासानी साम्राज्य कोसळले आणि इराणचा धर्म हळूहळू पालटला. पण पुढच्या अनेक शतकांतील मुसलमान कवींच्या काव्यातही बुलबुल जुन्या पहलवी भाषेत गात राहिला. मागे पडलेल्या एका धर्माची आठवण कवितेने पक्ष्याच्या नावात जपून ठेवली.

६/
गुलाबाशी त्याचे नाते जुळले ते ऋतूमुळे. गुलाब फुलण्याचा आणि हा पक्षी गाण्याचा हंगाम एकच. बाराव्या शतकात फरीदुद्दीन अत्तार यांनी ‘मंतिक-उत-तैर’ या काव्यात त्याला एक ठाशीव भूमिका दिली. सगळे पक्षी आपल्या राजाच्या शोधात निघतात, तेव्हा बुलबुल गुलाबाच्या प्रेमाची सबब सांगून मागे राहू पाहतो. क्षणभंगुर सौंदर्यात अडकलेला जीव, हा अर्थ तेव्हापासून या नावाला चिकटला.

७/
युरोपीय नावांनीही कानावरच भर दिला. जुन्या इंग्रजीतील ‘निख्टेगाले’ म्हणजे रात्री गाणारी, त्यावरूनच नाइटिंगेल. जर्मन ‘नाख्टिगाल’ याच घराण्यातले. ग्रीक ‘एडोन’ म्हणजे गाणारी. शिवाय एक पुराणकथा आहे : अत्याचार करून जीभ कापलेली फिलोमेला आणि तिची बहीण प्रॉक्नी यांचे पक्ष्यांत रूपांतर होते. मूळ ग्रीक कथेत नाइटिंगेल होते ती प्रॉक्नी. रोमन परंपरेत अदलाबदल झाली आणि जीभ कापलेली फिलोमेलाच गाणारा पक्षी ठरली.

८/
त्यामुळे युरोपीय काव्यात हा पक्षी शतकानुशतके शोक करणारी स्त्री म्हणून गात राहिला. निसर्गात मात्र जोडीदारीण मिळवण्यासाठी रात्रभर गातो तो नर. फारसीत व्याकरणिक लिंग नसल्याने तेथे प्रश्नच उद्भवला नाही. उर्दूत लिंग लागते, आणि तेथे ‘बुलबुल’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा मतभेद राहिला. दोन्ही रूपे जाणत्या कवींनी वापरली आहेत.

९/
काव्याचे हे वजन विज्ञानालाही जाणवले. १८७३ मध्ये रशियन निसर्गशास्त्रज्ञ सेव्हेर्त्सोव्ह यांनी या पक्ष्याच्या पूर्वेकडील प्रकाराला नाव दिले ‘हाफिझी’, म्हणजे शिराझच्या हाफिझ या कवीचा. आज त्या उपजातीसाठी दुसरे नाव ग्राह्य धरले जाते. तरीही एका प्रयोगनिष्ठ शास्त्रज्ञाला पक्ष्याचे वर्णन करताना प्रथम कवी आठवला, याची ही नोंद राहिली.

१०/
भारतात हा बुलबुल आला तो ग्रंथांतून. दिल्लीच्या सुलतानांपासून मोगलांपर्यंत आणि दख्खनमध्ये बहमनी व नंतरच्या शाह्यांत फारसी ही दरबाराची व विद्येची भाषा होती. फारसी शिकणारा प्रत्येक जण गुल आणि बुलबुल शिकत असे. अठराव्या शतकातील दिल्लीचे सूफी मुहम्मद नासिर यांनी ‘अंदलीब’ हे टोपणनाव घेतले आणि ‘नाला-ए-अंदलीब’ हा विस्तृत फारसी ग्रंथ लिहिला. विख्यात उर्दू कवी मीर दर्द हे त्यांचे पुत्र.

११/
त्याच काळात बागेत दुसरा एक पक्षी वावरत होता. तुरेदार, धीट, माणसाजवळ राहणारा आणि आनंदी आवाजात बोलणारा. फारसी जाणणाऱ्यांच्या हिंदुस्थानात मोकळे पडलेले ‘बुलबुल’ हे नाव त्याच्यावर बसले. उर्दूत त्याला आणखी एक नेमके नाव आहे : ‘गुलदुम’, म्हणजे शेपटीला फूल असलेला. इराणी बुलबुल ज्या गुलासाठी तळमळतो, ते या पक्ष्याच्या अंगावरच असते.

१२/
गुलदुमचे जीवन गझलेतल्या बुलबुलाहून फार निराळे होते. लखनौच्या नवाबी संस्कृतीवर लिहिणाऱ्या अब्दुल हलीम शरर यांनी तेथील पक्ष्यांच्या झुंजींत गुलदुमांच्या झुंजीही नोंदवल्या आहेत. आसाममधील हाजो येथे हयग्रीव माधव मंदिरात माघ बिहूला बुलबुलांच्या झुंजी लावण्याची प्रथा होती. अशा झुंजींना वाट मोकळी करणारी राज्य सरकारची कार्यपद्धती गुवाहाटी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

१३/
हे नाव दरबारापुरते आणि शौकिनांपुरते राहिले नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा बंगालमध्ये आहे. तेथील एक अंगाईगीत आजही घरोघरी गायले जाते. त्यात बाळ झोपी जाते, गाव शांत होतो, देशात ‘बर्गी’ येतात, आणि आई विचारते : बुलबुलींनी धान खाल्ले, आता सारा भरायचा कशाने? या गीतात गुलाब नाही, विरह नाही. आहे ती रिकामी झालेली कणगी.

१४/
हे बर्गी म्हणजे मराठे. ज्याला घोडा व शस्त्र सरकारातून मिळते असा स्वार म्हणजे ‘बारगीर’. या फारसी-मराठी शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये मानकरा येथे भेटीच्या मिषाने मारले गेले. अखेर १७५१ च्या तहात नवाब अलीवर्दी खानाने सालीना १२ लाख रुपये चौथ मान्य केली.

१५/
मराठी इतिहासलेखनात या मोहिमा चौथाईच्या हक्काच्या आणि साम्राज्यविस्ताराच्या म्हणून येतात. बंगालच्या शेतकऱ्याच्या स्मृतीत त्या बाळाला झोपवताना वाटणाऱ्या भीतीच्या रूपाने उरल्या. त्या गीतात धान खाणारा पक्षी, सारा मागणारी सत्ता आणि लूट करणारा स्वार एका रांगेत उभे आहेत. दरबारी काव्यातून निघालेले एक नाव शेतापर्यंत पोहोचले आणि तेथे त्याचा अर्थ पूर्ण पालटला. ‘बुलबुल’ आणि ‘बर्गी’ हे दोन्ही शब्द फारसीतूनच त्या आईच्या तोंडी आले होते.

१६/
आता युरोपीय शास्त्रज्ञांकडे. १७६६ मध्ये लिनियस यांनी लालबुड्या बुलबुलाला ‘कॅफर’ हे जातिनाम दिले, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील ‘काफ्रारिया’चा. हा पक्षी केप ऑफ गुड होपचा आहे, या चुकीच्या नोंदीवरून ते दिले गेले. प्रत्यक्षात तो मूळचा दक्षिण आशियातला. दक्षिण आफ्रिकेत बुलबुलाची वेगळी जात आहे, आणि तिला त्याच वर्षी ‘कॅपेन्सिस’ हे नाव मिळाले. प्राणिशास्त्रात पहिले नाव ग्राह्य मानण्याचा नियम असल्याने ही चूक कायम राहिली.

१७/
‘कॅफर’च्या मुळाशी अरबी ‘काफिर’ आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करणारे अरब तेथील मुसलमान नसलेल्या लोकांना काफिर म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढे डच आणि इंग्रजांनी तो प्रदेशाला व माणसांना लावला. दक्षिण आफ्रिकेत अखेर ती कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली. मराठी अंगणातल्या या पक्ष्याची दोन्ही नावे अशी भाषांतरात वाट चुकलेली आहेत : एक प्रेमिकाचे, दुसरे परधर्मीयाचे.

१८/
नावामुळे अपेक्षाही वाढल्या. ‘बर्ड्स ऑफ इंडिया’चे कर्ते टी. सी. जर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले की, या नावामुळे भारतीय पक्ष्याच्या गायनशक्तीविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने ही टिप्पणी उद्धृत केली. आपला बुलबुल गोड बोलतो. नाइटिंगेलसारखे प्रदीर्घ गाणे मात्र त्याच्याकडे नाही. नाइटिंगेलचे खरे भाऊबंद भारतात आहेत, पण ते वेगळे : पहाटे सुरेल शीळ घालणारा दयाळ त्याच कुळातला आहे.

१९/
याच सुमारास उर्दूत वाद उभा राहिला. मुहम्मद हुसेन आझाद यांचे वडील मौलवी मुहम्मद बाकर हे ‘देहली उर्दू अखबार’चे संपादक. १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना ठार केले. आझाद दिल्लीतून परागंदा होऊन अखेर लाहोरला स्थिरावले. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आब-ए-हयात’ या ग्रंथात त्यांनी उर्दू कवितेचा इतिहास सांगताना एक तक्रार मांडली. आपले कवी कोकिळ, पपीहा, चंपा आणि चमेली विसरले, आणि कधी न पाहिलेल्या बुलबुलाचे गुण गात बसले.

२०/
तक्रार रास्त होती, पण तिची पार्श्वभूमी साधी नव्हती. १८७४ मध्ये लाहोरला अंजुमन-ए-पंजाबच्या वतीने ठरावीक विषयांवर ‘नैसर्गिक’ कविता वाचण्याचे मुशायरे सुरू झाले. त्यांना प्रांताचे शिक्षणप्रमुख कर्नल हॉलरॉइड यांचे प्रोत्साहन होते. हाली यांची पावसावरील ‘बरखा रुत’ ही कविता त्यातलीच. स्वदेशी पक्ष्यांकडे वळा, हा आग्रह अशा रीतीने जेत्याच्या शिक्षणखात्याच्या आश्रयाने वाढत होता. ज्या सत्तेने आझादांच्या वडिलांचा जीव घेतला, तीच आता कवितेचे विषय सुचवत होती.

२१/
शिवाय न पाहिलेला पक्षी काव्यात आणणे हा उर्दूचाच दोष मानता येत नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात प्रवरेकाठी नेवाशात श्रोत्यांना चकोराची उपमा दिली. चकोर हा खरा पक्षी हिमालयातील व त्याच्या पश्चिमेकडील उघड्या डोंगरांत राहणारा. महाराष्ट्रात तो आढळत नाही, आणि चांदणे तर तो कोठेच पीत नाही. तरीही चकोर परका आहे, असे मराठीत कोणी म्हणत नाही. संस्कृत परंपरेतून आलेली ती एक भूमिका आहे, हे सर्वांना ठाऊक असते. गझलेतील बुलबुलही तशीच भूमिका होती.

२२/
इंग्रजीच्या बाबतीत हाच प्रसंग पुन्हा घडला. हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्याय, पुढच्या सरोजिनी नायडू, किशोरवयात इंग्लंडला गेल्या. त्यांच्या कविता वाचून समीक्षक एडमंड गॉस निराश झाले. त्यांत टेनिसन आणि शेलीचे प्रतिध्वनी होते. इंग्लंडचे पक्षी सोडून भारताविषयी लिहा, असा सल्ला त्यांनी दिला. ही हकिकत गॉस यांनीच १९१२ च्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ या त्यांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितली. आझादांनी पूर्वी जे स्वकीयांना सांगितले, तेच आता परकीय सांगत होता.

२३/
पुढचा विरोधाभास मोठा आहे. परके पक्षी सोडण्याचा सल्ला मिळालेल्या या कवयित्रीला जगाने किताब दिला तो ‘नाइटिंगेल ऑफ इंडिया’. महात्मा गांधी पत्रांत त्यांना ‘बुलबुल’ म्हणत. मराठी आणि हिंदीत त्या ‘भारतकोकिळा’ झाल्या. इंग्रजी, फारसी आणि संस्कृत या तीन परंपरांनी एकाच व्यक्तीला आपापला गाणारा पक्षी बहाल केला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते तीन वेगळे पक्षी. संस्कृतीच्या दृष्टीने एकच पद.

२४/
त्यातही कोकिळेची गंमत अशी की शास्त्र तिला गायक पक्ष्यांच्या गटात धरत नाही. ती कोकिळकुळातली असून कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, आणि वसंतात ‘कुहू’ घालतो तो काळा नर. मराठीने मात्र ‘कोकिळा’ हे स्त्रीरूपच गानमाधुर्याचे प्रतीक केले. नाइटिंगेल आणि कोकिळ या दोघांच्याही बाबतीत गातो नर आणि सन्मान मिळतो मादीला. अशी चूक दोन दूरच्या परंपरांनी स्वतंत्रपणे केली.

२५/
मराठी काव्याचे जुने पक्षी चातक, चकोर, राजहंस आणि कोकिळा. बुलबुल तेथे फारसी-उर्दूच्या वाटेने उशिरा आला. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनी मराठीत गझल रुजवण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला, तेव्हा ती वाट अधिक प्रशस्त झाली. बोलीत मात्र हे नाव केव्हाच घरचे झाले होते. अंगणातला तो ‘लालबुड्या’, आणि लाल गालांचा, टोकदार तुऱ्याचा तो ‘शिपाई बुलबुल’. यातला ‘शिपाई’ही फारसीच.

२६/
नावाचा प्रवास तेथेही थांबला नाही. १८७९ पासून हजारो भारतीय मजूर गिरमिट करारावर फिजीच्या ऊसमळ्यांत नेले गेले. १९०३ च्या सुमारास त्यांच्याबरोबर लालबुड्या बुलबुलही त्या बेटांवर पोहोचला आणि फोफावला. आज पॅसिफिकमधील अनेक बेटांवर तो फळबागांचा उपद्रवी परका मानला जातो. इकडे इंग्रजीने ‘बुलबुल’ हे साऱ्या कुळाचे नाव केले. आशिया आणि आफ्रिकेतील सुमारे १५० जाती आज त्याखाली येतात. त्यांत इराणच्या कवींचा बुलबुल मात्र नाही.

२७/
बुलबुल आपला की परका, या प्रश्नाला प्रत्येक काळाने वेगळे उत्तर दिले. आझादांना तो काव्यातला उपरा वाटला, बंगालच्या आईला धान खाणारा, लिनियसला आफ्रिकेचा, फिजीच्या बागाईतदाराला घुसखोर. पक्षी यातले काहीच नव्हता. प्रत्येक नावात ते ठेवणाऱ्याची भीती, हौस, अज्ञान किंवा सत्ता तेवढी नोंदली गेली. म्हणून जुन्या कागदांत ‘बुलबुल’ दिसला की तो कोणी, कोठे आणि कशासाठी म्हटला, हे आधी पाहावे लागते. गझलेत तो प्रेमिक असेल. बंगालच्या पाळण्याजवळ त्याच्या मागोमाग आपलेच घोडेस्वार येत असतील.